कार्तिकातला आंबा

आमच्या माडीवर ब्राझीलचा गवई उतरलाय ही बातमी जव्हारच्या बाजारात माझ्या आधी पोहोचली होती. मी मेथी घ्यायला गेले, तर भाजीवालीनेच मला विचारलं, "बाई, तुमचे पाहुणे खातात तरी काय?" मी म्हटलं, "आपण खातो तेच. फक्त तिखट लागलं की गातात." ती इतकी हसली की मेथीच्या जुडीबरोबर कोथिंबीर द्यायला विसरली, आणि मला परत फिरावं लागलं.

गवयाची मुलगी आमच्या वरच्या खोलीत काही वर्षांपासून राहते. नाचणीची जुनी बियाणी गोळा करायची, गावोगावच्या बायकांकडून ती पुन्हा पेरून घ्यायची, असं तिचं काम. दिवसभर स्कूटरवर मोखाड्याच्या बाजूला भटकत असते. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे घरात कुणी चुकीचं बोललं की माझ्या पोटात दुखतं. सकाळी मी तिच्या 'नाय'चं 'नाही' करून तिला घराबाहेर पाठवायची आणि संध्याकाळी ती पाड्यापाड्यांवरून पुन्हा 'नाय'च घेऊन यायची. शेवटी मी हात टेकले.

तिचे वडील आले ते दिवाळी होऊन गेल्यावर. सडपातळ, पांढरेशुभ्र केस, कडक इस्त्रीचा सदरा, आणि हातात गिटारची काळी पेटी. आमच्याकडे गाणाऱ्या माणसाला बुवा म्हणायची पद्धत आहे, म्हणून मी त्यांना बुवा म्हणू लागले. ते मला 'प्रोफेसोरा' म्हणायचे. त्यांच्या देशात शाळेतल्या बाईंनाही प्रोफेसर म्हणतात हे कळल्यावर त्या देशाबद्दलचं माझं मत एकदम उंचावलं.

बुवांना मराठी येत नव्हतं आणि मला त्यांची पोर्तुगीज येत नव्हती. मुलगी घरात असली की ती मधे दुभाषी व्हायची. ती नसली की आम्ही स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर बोटं ठेवून बोलायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी कुलपाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मी किल्ली हातात देत म्हटलं, "चावी." बुवा थबकले. "शावी?" त्यांच्याकडेही तिला जवळपास हेच म्हणतात. मग त्यांनी साबण उचलला. साबण त्यांचा सबांव. बादली त्यांची. बटाटा तर जसाच्या तसा त्यांचा. पाव त्यांचा, काजू त्यांचा. किनाऱ्यावर वसई-दमणला कधीकाळी आलेल्या गलबतांतून हे शब्द उतरले आणि घाट चढून आमच्या मोरीपर्यंत आले, हे मी वर्गात कितीदा तरी शिकवलं होतं. पण त्या शब्दांचा मालक असा समोर मुदपाकात बसून आपला बटाटा ओळखतो आहे, हे पाहण्याची मजा काही निराळीच. बुवांना तर या खेळाचं वेडच लागलं. चार दिवसांत त्यांनी ठरवून टाकलं की मराठी ही त्यांचीच भाषा आहे, आम्ही फक्त ती वेडीवाकडी बोलतो. आंबा काही या खेळात आला नाही, कारण मोसमच नव्हता.

संध्याकाळी ते गॅलरीत बसून गिटार वाजवायचे. आता माझं प्रामाणिक मत सांगायचं तर पहिले काही दिवस मला वाटलं, बुवांना बरं नाही. माझे कान भजनाचे. आमच्याकडे गाणारा असा गातो की पलीकडच्या पाड्यावरचे लोक उठून बसतात. आणि हे बुवा! ओठ हलायचे, पण आवाज कठड्याच्या पलीकडे जात नसे. कुणीतरी झोपलेल्या बाळाच्या कानात सांगावं तसं गायचे. मी मुलीला विचारलंसुद्धा, "अगं, काढा देऊ का त्यांना?" तेव्हा ती मला जिन्यात घेऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं.

बुवा त्यांच्या देशात मोठे. आयुष्यभर ते असंच हळू गात आले, आणि हजारो माणसं श्वास रोखून ऐकत आली. त्यांचं एक गाणं तर तिथे लहान पोरालाही पाठ. दोनेक वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यक्रमात तेच गाणं गाताना मधेच शब्द गेले. अजिबात आठवेनात. बुवा थांबले, आणि समोरच्या सगळ्या लोकांनी प्रेमाने पुढचं गाणं म्हणायला सुरुवात केली. पूर्ण म्हणून संपवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. बुवा खाली मान घालून आत गेले, ते पुन्हा लोकांसमोर आलेच नाहीत.

"ते म्हणतात, माझं गाणं आता माझ्यापेक्षा लोकांनाच जास्त येतं, मग माझं काय काम," मुलगी म्हणाली. "गिटार इथे ठेवायला आणलीय, बाई. मला देऊन जाणार आहेत. परत जाताना पेटी नेणार नाहीत."

मी त्या पेटीकडे पाहिलं. मलासुद्धा शाळेतून निघताना खुर्ची, शाल आणि नारळ मिळाला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी उगीच साडी नेसून तयार होऊन बसले होते. मला बुवांबद्दल फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी भांडी घासायला घेते. त्या दिवशी स्वच्छ भांडीसुद्धा घासली.

यानंतर आमच्या घरात माझ्या सासूबाई आल्या. त्या जामसरजवळच्या आमच्या पाड्यावर राहतात, शेत सोडून जव्हारात राहायला ठाम नकार देतात, आणि फक्त डोळे दाखवायला येतात. शाळेत मी नुसती दारात उभी राहिले की वर्ग गप्प व्हायचा, पण या एका बाईला मला कधीही गप्प करता आलेलं नाही. मी बाहेर सगळ्यांची बाई. त्या मात्र मला मास्तरीणबाय म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हसत असतो.

संध्याकाळी डोळ्यांत औषध घालून त्या ओटीवर बसल्या होत्या. वर गॅलरीत बुवांचं सुरू होतं. सासूबाईंनी कान टवकारले.

"ह्यो डोकरा कोनाला सांगतोय?"

मी म्हटलं, "कुणालाच नाही. एकटेच गातायत."

"कोनालाच नाय? मंग सांगतो कशाला?"

मी काही बोलायच्या आत त्या कमरेवर हात ठेवून जिना चढल्या. मी मागोमाग. बुवा उठून उभे राहिले. सासूबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आमचे घरी ये. नवा भात खा. खळ्यावर बस आन् सांग. येकट्यानं सांगू नये, जीव सुकतो." मुलीने ते भीतभीत बापाला समजावलं.

सासूबाई गाण्याला 'सांगणं' का म्हणतात ते सांगायला हवं. माझे सासरे थाळीवर कथा सांगायचे. पितळेच्या थाळीत मधोमध मेणाचा गोळा लावायचा, त्यात एक बारीक काडी उभी रोवायची आणि काडीवरून बोटं ओढायची. थाळी घुमायला लागते. त्या घुमण्यावर देवांच्या, डोंगरांच्या, पहिल्या पावसापाण्याच्या कथा गात गात सांगायच्या. पण कथा सांगणाऱ्याला एकट्याने सांगता येत नाही. त्याला समोर हुंकार देणारं माणूस लागतं. ओळ संपली की त्याने "हं" म्हणायचं, आणि सांगणारा दम घ्यायला थांबला की म्हणायचं, "मंग?" म्हणजे पुढे काय झालं? हुंकार थांबला की समजायचं, ऐकणारे झोपले. मग थाळी खुंटीला टांगायची आणि आपणही झोपायचं. सासऱ्यांना हुंकार द्यायच्या त्या सासूबाई. ते गेल्यापासून थाळी खुंटीवर आहे. पाड्यावरची पोरं मोबाइलवर गाणी ऐकतात. आणि मोबाइलला काही हुंकार लागत नाही.

गॅलरीत बुवांनी हातातली गिटार खाली ठेवली. मग त्यांनी मुलीला विचारलं, "तिथे माझं एकही गाणं कुणाला माहीत नाही ना?" ती म्हणाली, "एकही नाही." तेव्हा ते कबूल झाले. जिथे कुणाला पुढचे शब्द येतच नाहीत, तिथे कोण ते त्यांच्याऐवजी म्हणून टाकणार? फक्त एकच अट होती, आणि ती मुलीने मला दहादा सांगितली. पूर्ण शांतता हवी. ते इतकं हळू गातात की एक खोकला आला तरी सूर मोडतो. आणि या वेळी मोडलं तर कायमचंच.

मी पदर खोचला. शांततेचं खातं जन्मभर मीच सांभाळलं आहे. म्हटलं, "ते माझ्यावर सोड."

मी आदल्या दिवशीच पाड्यावर जाऊन मुक्काम ठोकला. घरोघरी गेले. टाळ्या वाजवायच्या नाहीत. शिट्टी नाही. मोबाइल बंद. बिडी ओढायची तर आधी ओढून या. खोकला आला तर गिळा. तान्ही बाळं पाजून, निजवून आणा, आणि जी निजणार नाहीत ती घेऊन ओढ्यापलीकडे बसा. भात झोडायचं मशीन त्या दुपारी बंद राहील असं वदवून घेतलं. शेजारच्या कोंबड्याला डालग्याखाली झाकलं, तर तो आतून आणखीच जोरात ओरडायला लागला, तेव्हा आमच्या ह्यांनी त्याला काखेत धरून रानात नेलं. हे तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, तिथेही यांच्याकडे असलीच कामं यायची. "कार्यक्रम मी ऐकायचा नाही का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?" बिचारे गेले.

सासूबाईंना मी शेवटी सांगितलं, कारण मला त्यांचीच भीती होती. "आई, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

"हुंकार?"

"हुंकारसुद्धा नाही. ते परदेशी आहेत. त्यांना चालत नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच परदेशातून आले आहे. "मंग त्येला कळंल कसं, आपुन जागं हाय त्ये?" मी म्हटलं, त्यांना कळतं. त्या "बरं" म्हणाल्या, पण त्यांचं 'बरं' मी ओळखून आहे.

ऊन कलायला लागल्यावर सगळे आमच्या खळ्यावर जमले. भात नुकताच झोडून झाला होता, जमीन शेणाने सारवलेली, बाजूला पेंढ्याची उडवी. बायका एका अंगाला, बापे एका अंगाला, आणि मधे शाळेतून आणलेली एक खुर्ची. बुवा इस्त्रीचा सदरा घालून त्या खुर्चीवर बसले. मी उडवीपाशी उभी राहिले, तिथून सगळे दिसत होते. मी फक्त एकदा नजर फिरवली. पान हलेना. बोर्डाच्या परीक्षेलाही मी अशी शांतता पाहिली नव्हती, आणि खरं सांगते, मला स्वतःचा अभिमान वाटला.

बुवांनी तेच गाणं काढलं. मुलगी माझ्या कानात कुजबुजली, "बाई, तेच. अडले होते ते."

त्यांचा आवाज त्या खळ्यावर पहिल्यांदा मला नीट ऐकू आला. शब्द कळत नव्हते. पण गिटारची बोटं एकीकडे चालायची आणि आवाज जरा मागून, कडेकडेने, सवडीने यायचा. मला ते आवडायला लागलं. आणि मग मी बुवांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते एकेक करून समोरच्या लोकांकडे बघत होते. समोर पाड्यावरची सगळी माणसं हाताची घडी घालून, तोंडं मिटून, मी शिकवल्याप्रमाणे निश्चल बसलेली. कुणी मान हलवत नव्हतं. कुणी हसत नव्हतं. आपण मेल्यावर माणसं आपल्याभोवती बसतात तेव्हा असते तशी शांतता. बुवांचा आवाज बारीक झाला. आणखी बारीक झाला. आणि मग गेलाच. बोटं तारांवर तशीच राहिली. शब्द पुन्हा गेले होते.

मुलीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. बुवांनी गिटारीवरचा उजवा हात उचलला आणि हळूच मांडीवर ठेवला. आता ते उठणार, हे मला दिसत होतं. काय करावं ते कळेना. वर्गात पोरगं कवितेत अडलं की मी पुढचा शब्द सांगायची. हा शब्द मला कुठून येणार?

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून हेल काढून आवाज आला.

"मंऽगाऽ?"

सासूबाई! मी डोळे वटारले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या सावरून बसल्या होत्या, मान पुढे काढून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली काळजी होती. कथा सांगणारा अडलाय, आणि आपण बसून बघायचं? हे त्या बाईला जमणारच नव्हतं.

"मंऽगाऽ?" त्यांनी पुन्हा विचारलं, जरा गोडीने.

मग बाप्यांच्या बाजूने एक म्हातारा म्हणाला, "मंऽगाऽ?" मग दोघी-तिघी बायका. जणू धरणाचं दार कुणी तरी वर उचललं. माझी दोन दिवसांची मेहनत क्षणात ओढ्याला मिळाली, आणि सगळं खळं एका सुरात विचारायला लागलं, "मंऽगाऽ? मंऽगाऽ?"

बुवांनी मान वर केली. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ते मुलीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले, आणि त्यात तोच शब्द होता. मांगा.

मुलगी एकदम माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू, असं दोन्ही एकदम. "बाई, आमच्याकडे मांगा म्हणजे आंबा," ती कुजबुजली. "ते विचारतायत, आत्ता कुठला आंबा? आणि यांना कसं कळलं?"

"काय कसं कळलं?"

"मलाही माहीत नाही."

बुवांना मात्र सगळं स्पष्ट झालं होतं. बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, चावी त्यांची, तेव्हा हा शब्दही त्यांचाच. जगाच्या दुसऱ्या टोकाला, ऐन कार्तिकात, एका खळ्यावरची सगळी माणसं त्यांच्याकडे आंबा मागत होती. ते हसायला लागले. आधी गालात, मग खांदे हलवून. मग त्यांनी पुन्हा गिटार सरळ केली.

आता माझ्या जिवाची काय अवस्था झाली ते शिक्षकांनाच कळेल. चूक माझ्या डोळ्यांसमोर घडत होती. अर्थाची, ढळढळीत, लाल शाईची चूक. एका वाक्यात ती दुरुस्त करता आली असती. माझं तोंड उघडलंसुद्धा. पण बुवांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते पाहून मी ते मिटलं. उभ्या जन्मात मी आपणहून सोडून दिलेली ती पहिली चूक.

त्यांनी जे गायला घेतलं ते आधीच्या गाण्यासारखं नव्हतंच. ठेका उड्या मारत होता. मुलगी ऐकता ऐकता मला तुकड्यातुकड्याने सांगत होती, आणि तीही ते पहिल्यांदाच ऐकत होती. बुवा लहान असताना त्यांच्या परसात आंब्याचं झाड होतं. आजी म्हणायची, चढू नकोस. ते चढायचे. आजी म्हणायची, पडशील. ते पडले. पडलेल्या पोराला आजीने आधी एक चापट मारली आणि मग एक आंबा दिला. बस, एवढंच गाणं. स्वतःच, दहा वर्षांचे असताना केलेलं, कुठेही न गायलेलं. त्यात विसरण्यासारखं काही नव्हतंच.

प्रत्येक ओळीनंतर खळ्यातून "हं" येत होता. आणि गाणं संपलं की साहजिकच, "मंऽगाऽ?" पुढे काय झालं? बुवांना वाटायचं, अजून एक आंबा हवा. ते आनंदाने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. किती वेळा ते आंब्यावरून पडले याची मोजदाद नाही. पोरांना आता चाल कळली होती, ती पडायच्या जागी पेंढ्यात धपाधप पडत होती. ओढ्यापलीकडची बाळंतीण पोर काखेत घेऊन परत आली. आमचे हेही कोंबडा घेऊन परत आले, आणि त्या कोंबड्याने जी बांग दिली तिला बुवांनी गिटारवर उत्तर दिलं. शांततेची जबाबदारी माझी होती! मी पदराने तोंड दाबून हसत होते.

ऊन पार उतरलं तेव्हा बुवा थकून थांबले. सासूबाईंनी सवयीने विचारलं, "मंऽगाऽ?" पण या वेळी हळू, आपल्या माणसाला विचारावं तसं. बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांची बोटं आपसूक पहिल्या गाण्याच्या सुरावर गेली. मुलीने पुन्हा माझं मनगट पकडलं. एक ओळ. "हं." दुसरी ओळ. "हं." अडले होते ती जागा जवळ येताना मला ऐकूनच कळली, आणि सासूबाईंनाही कळली असावी, कारण ओळ संपायच्या आधीच त्यांनी एक जोरकस "हं" टाकला. बुवा त्या "हं"वरून असे पुढे गेले जशी जव्हारची एसटी सवयीचा खड्डा चुकवते. गाणं शेवटापर्यंत गेलं. ते त्यांनी स्वतः, त्यांच्या शब्दांत संपवलं. मुलगी रडत होती, मीही रडत होते, आणि आमच्याकडे कुणी पाहत नव्हतं ते बरंच झालं.

मग नवा भात, उडदाची आमटी, नाचणीची भाकरी. बुवा दोनदा भात मागून जेवले. आंब्याचं काय ते सासूबाईंना मी कानात सांगितलं होतं. त्यांनी एवढंच म्हटलं, "मागतोय तर देऊ." आणि घरातून उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली आंबोशी आणून त्यांच्या ओंजळीत ओतली. कच्च्या आंब्याच्या त्या काळ्या, आंबट फोडी तोंडात टाकल्यावर बुवांनी एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने आनंदाने जगाकडे पाहिलं.

चूक दुरुस्त करायचा माझा स्वभाव काही एका संध्याकाळीत जाणार नव्हता. दुसऱ्या दिवशी जव्हारला गॅलरीत कॉफी घेताना बुवांनीच विचारलं, "प्रोफेसोरा, त्यांना माझा आंबा कसा कळला?" मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, सांग बाई. मला खोटं शिकवता येत नाही.

तिने सांगितलं. आंबा नाही. मंग म्हणजे मग. पुढे काय झालं? आम्ही ऐकतोय, तू सांग.

बुवांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं, त्यांना वाईट वाटणार. मग ते सावकाश काहीतरी बोलले, आणि मुलीने ते मला सांगितलं. "बाबा म्हणतात, तिकडे मला जो भेटतो तो विचारतो, ते गाणं आठवतं का? तो कार्यक्रम आठवतो का? सगळे एवढंच विचारतात. पुढे काय, असं मला कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

मला भेटणारे जुने विद्यार्थीही तेच विचारतात. बाई, मी आठवतो का? मी हो म्हणते, आठवत नसला तरी म्हणते. पुढचं कुणी विचारत नाही, आणि आपणही स्वतःला विचारायचं सोडून देतो. त्या सकाळी मला हे फार लागलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. कॉफी निवली होती, ती मी पुन्हा गरम करून आणली.

निघायच्या दिवशी बुवांनी हट्ट धरला की जीप आधी पाड्यावर न्यायची. सासूबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. त्यांच्या मागे, खुंटीवरून उतरवलेली सासऱ्यांची थाळी चिंचेने घासून उन्हात वाळत ठेवलेली होती. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत, फक्त सूप बाजूला ठेवलं. बुवा त्यांच्यासमोर उकिडवे बसले. सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मंग?"

बुवांना आता अर्थ माहीत होता. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आमच्याकडे निघताना जातो म्हणू नये, हे मी त्यांना महिनाभर शिकवलं होतं. ते सासूबाईंना म्हणाले, "येतो."

उच्चार अगदी स्वच्छ होता. ड्रायव्हर टपावरचं सामान पुन्हा आवळून बांधत होता. त्याने गिटारच्या पेटीला हात घातला, तर बुवांनी मान हलवून ती काढून घेतली आणि मांडीवर घेऊन बसले.